लेखकाची साक्ष आणि कोशाचा न्याय

फिलिप रॉथ या अमेरिकन कादंबरीकाराचे एक अनावृत पत्र सप्टेंबर २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने प्रसिद्ध केले. ते ‘विकिपीडिया’ या महाजालावरील ज्ञानकोशाला उद्देशून होते. आपल्या ‘द ह्यूमन स्टेन’ या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयीच्या नोंदीत एक चुकीचे विधान आहे आणि ते काढून टाकावे, असा अर्ज रॉथ यांनी एका मध्यस्थामार्फत केला होता. परंतु आपल्या कृतीविषयी लेखकाचा अधिकार मान्य असला तरी त्याच्या म्हणण्याला अन्यत्र प्रसिद्ध झालेला आधार पाहिजे, असे उत्तर कोशाच्या प्रचालकाकडून आले. ज्याने कादंबरी लिहिली त्याचीच जबानी अपुरी ठरावी, हे वाचून साहित्यप्रेमी मनुष्याला खेद झाल्याशिवाय राहत नाही. तथापि या खेदाच्या पलीकडे जाऊन पाहिले म्हणजे चरित्रलेखनातील एक मूलभूत प्रश्न आपल्यासमोर उभा राहतो.

त्या कादंबरीचा नायक कोलमन सिल्क हा अभिजात भाषांचा प्राध्यापक आहे. जन्माने कृष्णवर्णीय असूनही आपले कुलमूळ लपवून तो गौरवर्णीय ज्यू म्हणून जगला आहे. आणि वर्गात कधीच न फिरकलेल्या दोन विद्यार्थ्यांविषयी विचारताना ‘भूत’ या अर्थाने त्याने उच्चारलेला शब्द कृष्णवर्णीयांना उद्देशून शिवी म्हणूनही रूढ असल्यामुळे त्याच्यावर वंशद्वेषाचा आरोप येतो. आपले मूळ असेच झाकून राहिलेले ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड १९९० साली वारले होते, आणि त्यांच्या जीवनाशी नायकाचे साम्य अनेक परीक्षणकारांना जाणवले होते; त्या परीक्षणांच्या आधाराने कोशात ब्रॉयार्ड यांचे नाव आले. रॉथ यांची कैफियत अशी की, ब्रॉयार्ड यांच्याशी आपला परिचय अगदी जुजबी होता आणि कथेचे बीज मेल्विन ट्यूमिन या आपल्या मित्राच्या अनुभवात आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या आणि वांशिक संबंधांच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या ट्यूमिन यांना १९८५ साली वर्गात सहज उच्चारलेल्या त्याच शब्दापायी चौकशीला तोंड द्यावे लागले होते.

आता वादी-प्रतिवादींची बाजू शांतपणे तपासली तर दिसते की, येथे दोन भिन्न तथ्ये एकमेकांत मिसळली होती. परीक्षणकारांना साम्य दिसले हे एक तथ्य, आणि लेखकाने प्रेरणा कोठून घेतली हे दुसरे. पहिल्याची साक्ष छापील परीक्षणे देतात; दुसऱ्याची साक्ष मुख्यतः लेखकच देऊ शकतो. कोशाचे कर्तव्य यांपैकी एकाला पुसून टाकण्याचे नसून, कोणते विधान कोणाचे आहे हे स्पष्ट सांगून दोन्ही वाचकासमोर ठेवण्याचे आहे. पत्र प्रसिद्ध होताच नेमके हेच घडले: जी गोष्ट खाजगी निवेदन म्हणून अग्राह्य ठरली होती तीच प्रसिद्ध लेख म्हणून ग्राह्य ठरली, आणि रॉथ यांचे म्हणणे नोंदीत दाखल झाले.

हा नियम निष्ठुर वाटतो; पण त्याचे कारण कोशाच्या रचनेतच आहे. १५ जानेवारी २००१ रोजी जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी सुरू केलेल्या या कोशात कोणीही संपादन करू शकतो, आणि पडद्याआडून बोलणारा मनुष्य खरोखर लेखकच आहे की त्याचा चाहता, वारस वा वैरी, याची खातरजमा करण्याचे साधन सामान्य संपादकापाशी नसते. म्हणून व्यक्ती कोण हे न पाहता पुरावा कोणता हे पाहायचे, असा मार्ग तेथे स्वीकारला गेला.

याच मोकळेपणाचा घातक परिणाम जॉन सायगेन्थॉलर यांना भोगावा लागला. नॅशव्हिलच्या ‘टेनेसियन’चे संपादक, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांचे चरित्रकार आणि एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक असलेल्या या गृहस्थांच्या नोंदीत, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असा धादांत खोटा मजकूर मे २००५ मध्ये कोणा अनामिकाने घातला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. सायगेन्थॉलर यांनी नोव्हेंबरमध्ये ‘यूएसए टुडे’त लेख लिहून ही फिर्याद जगापुढे मांडली. त्यानंतर इंग्रजी कोशात नोंदणी न केलेल्यांना नवे लेख निर्माण करण्याची मनाई झाली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी असा कडक दंडक पडला की, वादग्रस्त आणि निराधार मजकूर चर्चेची वाट न पाहता तत्काळ काढून टाकावा. रॉथ यांच्या प्रकरणात पुराव्याचा आग्रह लेखकाच्या आड आला. सायगेन्थॉलर यांच्या प्रकरणात त्याच आग्रहाच्या अभावाने एका सज्जनाची अब्रू महिनोन्महिने टांगणीला लागली. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे पुराव्याची अट सैल करण्यात लेखकवर्गाचेही हित नाही, हे पटते.

सामान्य वाचकाने या कोशाची आणखी एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीच्या प्रत्येक बदलाची नोंद फेरफारात उतरते, त्याचप्रमाणे येथेही प्रत्येक लेखाच्या ‘इतिहास’ या पानावर कोणी, केव्हा, काय बदलले हे राहते. आणि ‘चर्चा’ या पानावर हरकती व त्यांची उत्तरे वाचता येतात. ज्या विधानाशेजारी ‘संदर्भ हवा’ असे लिहिलेले दिसेल, त्यावर विसंबून कोणीही आपले मत बनवू नये.

मराठीला कोशकार्याचा वारसा थोर आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेल्या विश्वकोशात नोंदींखाली लेखकाचे नाव येते. म्हणजे जबाबदारी कोणाची हे वाचकाला कळते. २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियात ही जबाबदारी सर्वांची आहे, आणि आपल्याकडील अडचण निराळी आहे. आपल्या लेखकांविषयीचा विश्वसनीय छापील मजकूर मुळातच विरळ आहे. शाळेत नाव घालताना सोयीसाठी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी माणसांना आयुष्यभर चिकटते. दाखला एक सांगतो, घरची आठवण दुसरे सांगते, आणि कोशकार छापील दाखल्यालाच प्रमाण मानतो, त्यात त्याचा दोष नसतो. ज्यांचे आयुष्य दप्तरात कमी आणि आठवणीत अधिक आहे, त्या स्त्रीलेखिका, दलित आणि ग्रामीण लेखक यांच्यावर या नियमाचा भार सर्वांत जास्त पडतो, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

परंतु तिचे निवारण नियम मोडून होणार नाही. लेखकाने हयातीतच आपल्या जीवनाच्या तारखा, गावे, ग्रंथांच्या जन्मकथा जबाबदारीने लिहून प्रसिद्ध कराव्यात. नियतकालिकांनी अशा सविस्तर मुलाखती घ्याव्यात. ग्रंथालयांनी पत्रे आणि हस्तलिखिते जपावीत. आणि वाचकाने चूक दिसताच हळहळत न बसता आधारासह चर्चापानावर हरकत नोंदवावी. सत्य जाणणाऱ्याने ते पुराव्यासह मांडण्याची तसदी घेतली नाही, तर कोशातील असत्याचा काही भाग त्याच्याही मौनाच्या खाती जमा होतो. आणि आपल्या भाषेच्या लेखकांविषयी ज्यांना ममत्व आहे, त्यांनी तो तेथे जमा होऊ देता कामा नये.