लोकलमधला लेफ्टनंट

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत वसलेल्या निर्वासितांच्या गावाची कोनशिला बसवली, तेच उल्हासनगर. दोनच महिन्यांनी, ९ ऑक्टोबरला, त्यांनीच प्रादेशिक सेनेचं उद्घाटन केलं. ही टेरिटोरियल आर्मी कुळगावातल्या नोकरदाराला बहुधा धोनीच्या गणवेशामुळे माहीत असते. धोनीचा हुद्दा मानद. परीक्षा देऊन अधिकारी होण्याची वाट वेगळी.

तिथे अट उलटी. लष्करात एरवी नोकरीसाठी जातात. इथे आधी हातात नोकरी किंवा धंदा हवा. वय १८ ते ४२, पदवी, मग लेखी परीक्षा. ती सुटली की आपल्याकडच्या उमेदवारांची प्राथमिक मुलाखत पुण्यात दक्षिण कमांडच्या गटाकडे होते. पुढे सेवा निवड मंडळाची म्हणजे एसएसबीची चाचणी, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी. एसएसबीलाच जवळपास आठवडा जातो. पहाटेची बदलापूर लोकल धरणाऱ्याला रजेचा प्रश्न तिथेच पडतो.

खरा हिशोब निवडीनंतर सुरू होतो. पहिल्या वर्षी एक महिना पायाभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या अकादमीत तीन महिने. बेरीज केली तर दोन वर्षांत आठ महिने! पगार नियमित अधिकाऱ्यासारखाच, पण गणवेशात असाल तेवढ्याच दिवसांचा. उल्हासनगरच्या दुकानदाराने तेवढे दिवस शटर कोणाच्या भरवशावर सोडायचं?

लष्करी सेवेचं बोलावणं आलं तर रजा देणं आणि परतल्यावर पूर्वीच्याच अटींवर कामावर घेणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. नोकरी त्यामुळे वाचते. हुकलेली बढती कायदा कशी भरून देणार? अंबरनाथच्या आयुध निर्माणीतला माणूस निदान लष्कराशी रोजचं नातं असलेल्या आस्थापनेत असतो. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात एक इंजिनियर दोन महिने गेला की पाळीच कोलमडते. तरुण अधिकारी टिकवायचे, तर माझ्या मते पहिली समजूत अशा मालकांची घालायला हवी.

हुद्दा लेफ्टनंट कर्नलपर्यंत मुदतीने वाढतो, प्रशिक्षणं वेळेवर पुरी केली तर. पेन्शनला मात्र प्रत्यक्ष गणवेशातली वीस वर्षं लागतात. वर्षाला दोनच महिने देणाऱ्याची वीस वर्षांत चाळीस महिने सेवा भरते. म्हणून दीर्घ काळ बोलावलेल्या पलटणीत नेमणूक मिळते का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. मे २०२५ मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना गरजेनुसार सगळ्या प्रादेशिक सैनिकांना बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पायदळ पलटणींपैकी १४ सेवेवर घेण्याची मुभा त्यात होती. अर्ज भरणाऱ्याने हा आदेश घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे दाखवावा.