वातावरणातील लाटा आणि हवामानाची उपकरणे

तलावात दगड टाकला असता पाण्यावर लाटा उठतात. वर उचलले गेलेले पाणी स्वतःच्या भाराने खाली येते, मूळ पातळी ओलांडते आणि पुनः वर चढते. वातावरणातही अशा लाटा उत्पन्न होतात. त्यांस गुरुत्व-लहरी म्हणतात. आइनस्टाइनने भाकीत केलेल्या आणि २०१५ साली प्रथम टिपल्या गेलेल्या गुरुत्वाकर्षण-तरंगांशी त्यांचा काहीही संबंध नाही. नामसादृश्यामुळे घोटाळा मात्र वारंवार होतो.

वारा पर्वतावर चढला, अथवा गडगडाटी मेघाने वरच्या थरास धक्का दिला, की हवेचा काही भाग आपली जागा सोडून वर जातो. तेथे दाब कमी असल्यामुळे तो प्रसरण पावून थंड होतो. भोवतालच्या हवेहून तो जड ठरल्यास खाली येऊ लागतो, वेगाच्या भरात मूळ पातळीखाली उतरतो, तेथे दाबला जाऊन तापतो आणि पुनः वर ढकलला जातो. खालच्या थरांत अशा उभ्या हेलकाव्यास साधारणतः १० मिनिटे लागतात. तिरकस हेलकावे कित्येक तासही चालतात.

वायुभारलेखकाच्या कागदावर ही लाट नागमोडी रेषेने उमटते. चढउतार बहुधा एका मिलिबारच्या आतबाहेर असतो. आणि एक मिलिबार म्हणजे सुमारे ८ मीटर जिना चढल्यावर पडणारा फरक! शिवाय आपल्या देशात वायुभार रोज दोन वेळा, दहाच्या सुमारास चढतो आणि चारच्या सुमारास उतरतो. ही नित्याची भरती-ओहोटी वजा केल्यावाचून लाट स्पष्ट दिसत नाही.

याहून अधिक माहिती फुगा देतो. वेधशाळेतून सोडलेला फुगा मिनिटास सुमारे ३०० मीटर चढतो आणि ३० किलोमीटरांच्या आसपास फुटतो. मंद लाट असल्यास त्याच्या नोंदींत वाऱ्याची दिशा उंचीबरोबर वळत गेलेली आढळते. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळली, तर लाटेची ऊर्जा वर जात आहे असे समजावे. तिरुपतीजवळील गादंकी येथील रडार हवेची वर-खाली हालचालही मोजते.

तीस किलोमीटरांवर हवा जमिनीलगतच्या मानाने सुमारे सत्तर पट विरळ असते. म्हणून लाटेची ऊर्जा वाटेत खर्ची पडली नाही, तर तेथे तिचा हेलकावा आठपट होतो. अखेर किनाऱ्यावरील लाटेप्रमाणे ती फुटते. पर्वताच्या आडोशाला मात्र खालच्या थरांतही हवा अशी खवळते. ५ मार्च १९६६ रोजी जपानमधील फुजी पर्वताजवळ अशा प्रचंड खळबळीत सापडून एक प्रवासी विमान मोडले आणि १२४ माणसे मृत्युमुखी पडली. आकाश निरभ्र असल्यामुळे वैमानिकांस इशारा देणारा मेघही पुढे नव्हता.