दोन निळ्या किरणांची नोंद

आमच्या विज्ञानकक्षात निळ्या लेसरचे दोन अल्पशक्तीचे संच आहेत. दोन्हींवर एकच छापील अंक आहे : 450 नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रकाशाची तरंगलांबी याच मापाने सांगतात. एका सायंकाळी भोजनगृहातील दिवे मालवून आम्ही दहावीच्या दोन गटांकडून ती मोजून घेतली. मिलिमीटरला 600 रेषा असलेल्या ग्रेटिंगमधून किरण सोडला की समोरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस एकेक ठळक ठिपका उमटतो. भिंत दोन मीटरवर होती. बाजूच्या ठिपक्यांमधील अंतर पहिल्या गटास 111 सेंटिमीटर मिळाले, दुसऱ्यास 113. त्यावरून तरंगलांबी आली अनुक्रमे 446 आणि 453. दोन्ही वह्यांवर आम्ही तांबड्या शाईने ‘पुन्हा मोजा’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गटाने 450 हे उत्तर आणले. अंतर मात्र 111 च लिहिलेले होते. मुलांनी छापील अंकाशी जुळवून घेतले होते, आणि तसे करण्यास आम्हीच भाग पाडले होते. मग आम्ही गटांतील संचांची अदलाबदल केली. 111 हे अंतर त्या संचाबरोबर दुसऱ्या गटाकडे गेले. चूक मोजणाऱ्यांची नव्हती.

निळ्या लेसर डायोडच्या गाभ्यात गॅलियम, इंडियम आणि नायट्रोजन यांच्या अर्धवाहक स्फटिकाचे, काही नॅनोमीटर जाडीचे थर असतात. इंडियम वाढले की तरंगलांबी वाढते. त्याचे प्रमाण शेकडा एकाने बदलले तरी ती काही नॅनोमीटरने सरकते. हे थर सुमारे 700 ते 800 अंश सेल्सिअस तापमानात वायूंपासून एका चकतीवर जमवले जातात. चकती सर्वत्र सारखी तापत नाही. जेथे ती अधिक तापते तेथे इंडियम कमी मुरते. एकाच चकतीतून कापलेले डायोडही म्हणून तंतोतंत सारखे नसतात. सोलापुरात हे समजावणे सोपे जाते. एकाच रंगाच्या दोन लॉटांतील सूत एका चादरीत आले तर पट्टा कसा उठून दिसतो, हे येथील मुलांनी घरीच पाहिलेले असते.

तापमानाचाही परिणाम होतो, पण अल्प : अंशामागे सुमारे 0.06 नॅनोमीटर. हिवाळ्यातील पहाटेचे 15 अंश आणि आमच्या मे महिन्यातील दुपारचे 42, यांतील फरकाने तरंगलांबी दीड नॅनोमीटरच्या आसपास सरकेल. सात नॅनोमीटरचा दोष सोलापूरच्या उन्हाळ्यावर घालता येत नाही.

अशा डायोडांच्या तांत्रिक पत्रकात बहुधा किमान 440, सामान्य 450, कमाल 460 असे तीन अंक असतात. वेष्टनावर मधला तेवढा छापतात. भिंतीवर ठिपका पाडण्यास तो पुरेसा आहे. स्ट्रॉन्शियमचे अणू लेसरने थंड करणाऱ्या संशोधकास मात्र 460.86 नॅनोमीटरच हवे असतात. तो जवळचा डायोड निवडून घेतो आणि तापमान, विद्युतप्रवाह व ग्रेटिंग यांच्या साहाय्याने त्यास नेमक्या जागी आणतो. (किरणात डोळा मात्र कोणीही, कधीही घालू नये.)

वहीतील तांबडा शेरा आम्ही खोडला, 450 वरही रेघ मारून घेतली आणि दोन्ही संचांवर चिठ्ठ्या चिकटवल्या : 446, 453. अक्षर मुलांचेच आहे.