हप्ता ३३३, विमा दीड लाख!

आजारपणाचा खर्च सरकारनं करावा की ज्याचा त्यानं? आमच्या होस्टेलात या विषयावर रात्री दोनपर्यंत भांडण चालतं. एक पार्टी म्हणते, आमच्या वडिलांच्या टॅक्सवर दुसऱ्याचं ऑपरेशन का? दुसरी म्हणते, इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारच दवाखाने चालवतंय, मग आपल्याकडे काय बिघडतं? मी साताऱ्याची, कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला. पण मित्रमैत्रिणींनो, भांडायच्या आधी आपल्या भागात काय घडलं ते तरी बघूया.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली, तीही फक्त आठ जिल्ह्यांत. त्यात सोलापूर होतं; सातारा, सांगली नव्हते. म्हणजे सांगोल्याचं केशरी कार्ड चालायचं आणि शेजारच्या आटपाडीचं नाही! २१ नोव्हेंबर २०१३ ला योजना राज्यभर झाली, तेव्हा कुठे आपला नंबर लागला.

आता गणित. पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, यादीत ९७१ प्रकार. त्यासाठी सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता भरायचं. दीड लाखाला ३३३ नं भागा, साधारण ४५० येतात. म्हणजे ४५० कुटुंबांचा हप्ता एकाच पूर्ण क्लेममध्ये संपतो. सगळे एकदम आजारी पडत नाहीत, या भरवशावर विमा चालतो. आपल्या प्रॉबॅबिलिटीच्या चॅप्टरचा असाही उपयोग असतो, हे सरांनी कधी सांगितलं नव्हतं.

पेशंट दवाखान्यात गेला की आरोग्यमित्र कार्ड तपासतो, डॉक्टर ऑनलाइन मंजुरी मागतात, मग उपचार होतात. पैसे दवाखान्याला परस्पर मिळतात, पण ठरलेल्या पॅकेजनंच. खरी कुरबुर इथेच सुरू होते. दवाखाने म्हणतात, पॅकेज परवडत नाही आणि पैसे उशिरा येतात. पेशंट म्हणतात, आमच्या कार्डाला बेडच नसतो. आमच्या शेजारच्या काकांना एका खाजगी दवाखान्यात योजनेतून ॲडमिट करून घेतलं, आणि वर औषधांची चिठ्ठी हातात दिली, बाहेरून आणा म्हणून. फुकट ते हेच का?

२०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. जुलै २०२३ मध्ये मर्यादा पाच लाख करायचा आणि पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना घ्यायचा निर्णय झाला, तो २०२४ पासून लागू आहे. त्यामुळे 'गरिबांनाच का?' हा अर्धा वाद मिटला. स्टाफनंही नोंद घ्यावी!

माझं भांडण वेगळं आहे. ही योजना ॲडमिट होणाऱ्याची आहे. माझी आत्या दर महिन्याला शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या स्वतःच्या पैशानं आणते. योजना त्याला एक रुपया देत नाही. पैसे नाहीत म्हणून तिनं गोळ्या सोडल्या आणि उद्या किडनी गेली, तर मात्र योजना खर्च करणार. ऑइल बदलायला पैसे नाहीत, इंजिन बदलायला आहेत! १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत उपचार मोफत केले, हे मला जास्त पटतं. पण मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, म्हणून त्यातून वगळली. म्हणजे आपलं मिरजेचं सिव्हिल बाहेरच राहिलं, आणि गर्दी तर तिथेच! सरकारनं पैसे घालावेतच, पण आधी आत्याच्या गोळ्यांत आणि केंद्रावरच्या डॉक्टरात, मग विम्यात.

तोवर होस्टेलवाल्यांनो, घरच्या रेशन कार्डावर आपलं नाव चढलंय का ते बघून ठेवा. बऱ्याच जणांचं नसतं, आणि ते नेमकं ॲडमिट व्हायच्या दिवशी कळतं. चौकशीचा नंबर १५५३८८, फोन फुकट लागतो.