गुंठ्याचा कर्ण आणि भास्कराचार्यांच्या करणी

वडगाव मावळच्या परिसरात जमिनीचा व्यवहार आजही गुंठ्यात बोलला जातो. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. परंतु याच चौरसाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, तर तिची लांबी ३३√२ फूट, म्हणजे सुमारे ४६.६७ फूट भरते, आणि ती कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी सांगता येत नाही. दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात जी मांडता येते ती परिमेय संख्या आणि जी मांडता येत नाही ती अपरिमेय. गुंठ्याची बाजू पहिल्या जातीची, तर कर्ण दुसऱ्या जातीचा. गंमत अशी की या कर्णावर नवा चौरस उभारला, तर त्याचे क्षेत्रफळ २,१७८ चौरस फूट, म्हणजे बरोबर दोन गुंठे येते.

परिमेय आणि अपरिमेय यांची गाठ पडते तेथे निकाल सरळ असतो. ३३ + ३३√२ ही बेरीज परिमेय मानली, तर तिच्यातून ३३ वजा करून उरणारा कर्णही परिमेय ठरेल, जे अशक्य आहे; गुणाकारालाही हाच युक्तिवाद लागू पडतो, मात्र गुणक शून्य नसावा. दोन अपरिमेय संख्या एकत्र आल्या की मात्र असा सरसकट नियम उरत नाही: √२ मधून √२ वजा केल्यास शून्य, √२ला √८ने गुणल्यास ४, पण √२ला √३ने गुणल्यास √६.

आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे सांगणाऱ्या भास्कराचार्यांनी (जन्म इ.स. १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात अशा मुळांना ‘करणी’ म्हणून त्यांची गणिते स्वतंत्रपणे मांडली आहेत. करणी २ म्हणजे आजचे √२. दोन करणींची बेरीज करताना त्यांच्या संख्यांची बेरीज ही ‘महती’ आणि गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट ही ‘लघु’ मानावी; दोहोंची बेरीज ही योगाची करणी आणि वजाबाकी ही अंतराची. करणी २ आणि ८ यांच्यासाठी महती १०, लघु ८. म्हणून योग करणी १८, अंतर करणी २. √२ + √८ = √१० असे लिहून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात लघु ८ मिळवायचे राहिले एवढेच दाखवून दिले, तरी पुरते. त्यांच्याच उदाहरणातील ३ आणि ७ या करणींचा गुणाकार २१ पूर्ण वर्ग नसल्यामुळे त्या एकाच करणीत मिळत नाहीत, तेव्हा त्यांनी त्या शेजारी शेजारी वेगळ्या ठेवायला सांगितले. हा हतबलपणा नव्हे. √३ + √७ हेच त्या बेरजेचे नेमके उत्तर आहे आणि दशांशात लिहिलेली कोणतीही आटोपशीर किंमत त्याहून कमी अचूक असते.

भागाकारासाठीही त्यांची युक्ती, भाजकातील एका करणीचे चिन्ह पालटून वर-खाली गुणण्याची, आज शाळेत परिमेयीकरण म्हणून शिकवली जाते; (√७ + √३)(√७ − √३) = ४, आणि छेदातील करणी नाहीशी होते.

करणींपलीकडे वाट बिकट आहे. π आणि e या दोन्ही संख्या अपरिमेय आहेत. त्यांची बेरीज आणि गुणाकार दोन्ही परिमेय असते, तर π हे परिमेय सहगुणकांच्या वर्गसमीकरणाचे मूळ ठरले असते, आणि ते शक्य नाही हे लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले. त्यामुळे दोहोंपैकी किमान एक अपरिमेय असणारच. ती कोणती, हे अद्याप ठरलेले नाही.