काटा का उडतो?

हौशी रेडिओकेंद्राच्या मनोऱ्यावरील एरियल मोटरीने फिरते. तिची दिशा खालच्या पेटीतील काटा दाखवितो. एरियलबरोबर फिरणारा चलरोधक त्याला ही वार्ता पुरवितो. काटा उडू लागताच पुष्कळजण मनोऱ्यावर चढतात. हे धाडस अनाठायी होय! प्रथम वीज बंद करून पेटीपाशीच रोधकाच्या तिन्ही तारा सोडवाव्या. टोकांच्या दोन तारांमधील रोध (काही यंत्रांत 500 ओहम) स्थिर असावयास हवा. तो अनंत दिसल्यास तार बहुधा तुटलेली. डळमळल्यास सांध्यात पाणी शिरले असावे. कोकणातल्या पावसात याचे नवल नाही. नंतर मधली तार व एक टोक यांना ओहममापक जोडून एरियल फिरवावी. रोध एकसारखा बदलला, तर दोष पेटीत शोधावा. ठरावीक दिशेलाच उसळला, तर रोधकाची पट्टी तेथे झिजली आहे. मग मात्र कमरेला दोर बांधून वर जाण्यावाचून गत्यंतर नाही.