मामा तलावांचे पुनरुज्जीवन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील बरेच जुने तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा’ तलाव या नावाने रूढ झाले. त्यांच्या पुनरुज्जीवनाविषयी काही गैरसमज पक्के बसले आहेत.

गैरसमज १: तलाव बिघडला तो गाळामुळे, गाळ उपसला की काम झाले.
वस्तुस्थिती: गाळ साचण्यामागे व्यवस्था मोडल्याचेही कारण आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळीची डागडुजी आणि पाणीवाटप यांची गावपातळीवरची जबाबदारी सैल पडली. पाण्याचा कारभार एकाकडे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याकडे आणि तलावाच्या पोटात अतिक्रमण तिसऱ्याचे, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. हे हक्क आणि जबाबदाऱ्या न तपासता काढलेला गाळ पुन्हा साचतो. शिवाय तलाव सरसकट खोल केला, तर काठचा उथळ भाग नाहीसा होतो. पाणवनस्पती वाढतात आणि पाणपक्षी चरतात ते तिथेच.

गैरसमज २: तलावाच्या पुनरुज्जीवनात सामाजिक शास्त्राचे काम म्हणजे ठरलेली योजना लोकांना पटवून देणे.
वस्तुस्थिती: ते काम योजना ठरण्याआधी सुरू होते. तलाव कोण, कोणत्या महिन्यात, कशासाठी वापरतो, निर्णय कोण घेतो, नुकसान कोणाच्या वाट्याला येते, हे मुलाखती, गटचर्चा आणि गावनकाशे यांतून शोधले जाते.

गैरसमज ३: ग्रामसभेचा ठराव झाला की गावाची संमती मिळाली.
वस्तुस्थिती: गावातील सर्वांचे हित एकच नसते. धान पिकवणाऱ्याला पाणी शेतात हवे असते, मासेमारी करणाऱ्या ढिवराला ते उन्हाळ्यातही तलावात हवे असते. ढिवर स्त्रिया मासे विकतात, तलावाशी त्यांचा रोजचा संबंध असतो. पण निर्णयाच्या बैठकीत त्यांचा आवाज सहसा उमटत नाही. म्हणून प्रत्येक गटाशी वेगळे बोलणे आवश्यक ठरते.

गैरसमज ४: लोकांचे ज्ञान म्हणजे ऐकीव गोष्टी.
वस्तुस्थिती: कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने अंडी घालतो, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून ठाऊक आहे. या जाणकारीच्या आधारे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने काम उभे केले. बेशरम या तणाची झुडपे उपटणे, स्थानिक पाणवनस्पती लावणे आणि देशी माशांना पुन्हा जागा करून देणे, असा त्याचा क्रम आहे. असे ज्ञान शास्त्रीय नोंदींशी ताडून पाहता येते आणि तसे पाहावेही.

गैरसमज ५: सामायिक साधन लोकांच्या हाती दिले की त्याचा नाश ठरलेला.
वस्तुस्थिती: गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलेले हे मत प्रत्यक्ष अभ्यासात सर्वत्र टिकले नाही. स्पष्ट सीमा, वापरणाऱ्यांनी केलेले नियम, देखरेख आणि तंटे सोडवण्याची सोय असेल, तर सामायिक साधने दीर्घकाळ टिकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या ग्रंथात दाखवले. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

गैरसमज ६: तलाव परिसरातील वन्यजीव वाचवणे हा फक्त जीवशास्त्राचा विषय.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रातील सारस प्रामुख्याने गोंदियात आढळतात आणि धानाच्या बांध्यांतही घरटी करतात. घरटे टिकणार की नाही, हे बांधीच्या मालकावर अवलंबून असते. म्हणून तेथे पक्षिगणनेइतकाच शेतकऱ्याच्या अडचणींचा आणि भरपाईचा विचार महत्त्वाचा ठरतो.

तलावाच्या आराखड्यात पाणी, माती आणि जीवसृष्टी यांच्याबरोबर हक्क, उपजीविका आणि निर्णयप्रक्रिया यांचीही पाहणी सुरुवातीपासून असावी. काम संपल्यावर पाण्याच्या पातळीसोबत कोणाची मिळकत वाढली आणि कोणाची घटली, याचीही नोंद ठेवावी.